बॅनर छोटा करा, पण तारीख कापू नका!



कृष्णा-पंचगंगेचं पाणी चढायला लागलं की आपल्या वाडीत दोन प्रकारचे बॅनर फिरतात. एक दक्षिणद्वार सोहळ्याचा, दुसरा पुराच्या सूचनेचा. फ्लेक्ससाठी केलेली तीच फाइल मग व्हॉट्सअॅप स्टेटसला, फेसबुकला आणि न्यूज पोर्टलच्या पट्टीतही जाते. घोळ इथंच होतो.

साधं गणित बघा. १० बाय ५ फुटी फ्लेक्स आडवा. मोबाइलचं स्टेटस उभं, १०८० बाय १९२० पिक्सेल. अख्खा फ्लेक्स त्यात बसवला तर पडद्याचा पावच्या वर थोडाच भाग भरतो, अक्षरं मुंगीएवढी. पडदा भरून लावला तर दोन्ही कडा जातात, मधलं तेवढं उरतं. आणि आपल्याकडं मध्ये काय असतं? हात जोडलेले फोटो! तारीख बिचारी कोपऱ्यात.

तारीख कापली गेली की मागच्या वर्षीचा दक्षिणद्वाराचा बॅनरही आजचाच वाटतो. लांबून माणसं निघतात आणि इथं येऊन बघतात तर पाणी अजून खालीच. पुराच्या सूचनेत तर जिवाशी गाठ. २०१९ आणि २०२१ आपण भोगलंय. राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. नुसतं '४३ फूट' दिसलं, पण कुठलं आणि कधीचं ते गेलं, तर माणसानं जनावरं हलवायची का नाही?

डिझाइन करणाऱ्या पोरांवर माझा राग नाही. पैसे फ्लेक्सचे देतो आणि बाकीच्या साइज 'जरा करून दे की' म्हणून फुकट मागतो. मग ओढून-ताणूनच मिळणार.

वेबच्या जाहिरातीत ३०० बाय २५० चा चौकोन, ७२८ बाय ९० ची आडवी पट्टी, ३२० बाय ५० ची मोबाइल पट्टी वेगवेगळी मांडावी लागते. जागा कमी झाली की अक्षरं बारीक करायची नसतात, मजकूर कमी करायचा असतो. आपणही आधी सगळ्यात छोटी पट्टी करावी. तिच्यात फक्त काय, कुठं, कधी. जागा वाढेल तसं बाकीचं, फोटो शेवटी. ओळीही एकमेकींना चिकटवू नका. उकार कापला की 'पूल बंद' चं 'पल बंद' होतं.

ग्रामपंचायत, देवस्थान, मंडळं, सगळ्यांना विनंती. यंदा ऑर्डर देतानाच सगळ्या साइज सांगा, त्याचे पैसे द्या आणि मोबाइल हातभर लांब धरून वाचा. तारीख दिसली तरच पुढं पाठवा.