‘शिकवण्याजोगी नाही’

वर्गात शेवटच्या बाकावर बसणाऱ्यांबद्दल आम्हा शिक्षक मंडळींची मते फार लवकर ठरतात. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात असाच एक मुलगा होता. प्रश्न विचारला की नुसता हसायचा. ‘अभ्यासात लक्ष नाही’ असा शेरा मनातल्या मनात मारून मी मोकळा झालो. सहामाहीनंतर त्याची आई भेटायला आली. म्हणाली, “सर, त्याला एका कानाने ऐकू येत नाही, दुसऱ्यानेही कमीच येते. पुढे बसवा, एवढेच सांगायला आले.” तो पुढच्या बाकावर आला आणि माझा शेरा खोटा ठरला. त्या माऊलीसमोर मान वर करायची मला लाज वाटली.

ज्यूडिथ स्कॉट या अमेरिकन शिल्पकर्तीची हकिकत वाचताना हा प्रसंग पुन्हा आठवला. १९४३ साली ओहायो राज्यातील सिनसिनाटी शहरात ज्यूडिथ आणि जॉईस या जुळ्या बहिणी जन्मल्या. ज्यूडिथला डाऊन सिंड्रोम होता. सातव्या वर्षी तिला घरापासून दूर, मतिमंदांच्या सरकारी संस्थेत ठेवण्यात आले. तिथे तपासणी झाली, ती काही बोलेना, आणि ‘शिकवण्याजोगी नाही’ असा शिक्का बसला. खरी गोष्ट अशी होती, की तिला ऐकूच येत नव्हते! हे ध्यानात यायला कित्येक वर्षे गेली. सुमारे पस्तीस वर्षे ती अशा संस्थांतच राहिली. अखेर १९८० च्या दशकात जॉईसने बहिणीचे पालकत्व मागून घेतले आणि तिला आपल्याजवळ कॅलिफोर्नियात आणले.

तिथल्या ओकलंड शहरात ‘क्रिएटिव्ह ग्रोथ’ नावाचे कलाकेंद्र आहे. कॅट्झ दांपत्याने १९७४ मध्ये ते अपंग प्रौढांसाठी सुरू केले. १९८७ पासून ज्यूडिथ तिथे जाऊ लागली. सुरुवातीला बराच काळ तिचे मन कशातच रमेना. कागद-रंग पुढे ठेवले तर ती जेमतेम रेघोट्या ओढी. तरी कुणी तिला घरी पाठवले नाही. पुढे सूत आणि धाग्यांच्या कामाचा वर्ग सुरू झाला आणि तिला तिचे साधन सापडले.

काठ्या, मोडक्या वस्तू, हाताला लागेल ते घ्यायचे आणि त्याभोवती लोकर, सुतळी, कापडाच्या चिंध्या गुंडाळत जायचे, हे तिचे काम. आतली वस्तू दिसेनाशी होई आणि कधी कोषासारखा, कधी माणसाएवढा आकार तयार होई. एक शिल्प तर तिने नुसत्या कागदी टॉवेलांना गाठी मारून केले. कुठे थांबायचे, हे मात्र तीच ठरवी. २००५ मध्ये ती गेली, तोपर्यंत दोनशेच्या आसपास शिल्पे झाली होती. एकालाही तिने नाव दिले नाही. ती स्वतःला कलावंत समजत होती का, हे कुणीच सांगू शकत नाही.

२०१७ मध्ये तिची शिल्पे व्हेनिसच्या बिएनालेत मांडली गेली. १८९५ पासून भरणारे हे जगातले एक मानाचे कलाप्रदर्शन. त्याच केंद्रातला स्वमग्न चित्रकार डॅन मिलर याचीही चित्रे तिथे होती. शब्दांवर शब्द लिहीत तो कागद असा भरून टाकतो, की अक्षरांचे जंगल व्हावे. या दोघांसाठी ‘अपंगांचे दालन’ असे वेगळे नव्हते. जगभरच्या नामवंतांच्या रांगेतच त्यांचे काम होते. अलीकडचे उदाहरण लंडनच्या नेना कालू यांचे. त्याही स्वमग्न आहेत, फार थोडे बोलतात, आणि कापड, चिकटपट्ट्या, जुन्या व्हिडिओ कॅसेटच्या फिती गुंडाळून शिल्पे करतात. २०२४ मध्ये बार्सिलोनाच्या ‘मॅनिफेस्टा’ प्रदर्शनात त्यांची शिल्पे टांगली गेली. डिसेंबर २०२५ मध्ये त्यांना ब्रिटनचा प्रतिष्ठेचा टर्नर पुरस्कार मिळाला. बौद्धिक अक्षमता असलेल्या कलावंताला तो प्रथमच मिळाला. गेली पंचवीसहून अधिक वर्षे ‘अ‍ॅक्शनस्पेस’ ही संस्था त्यांना कामासाठी जागा आणि मदत देत आली आहे.

वाचकहो, या गोष्टीत चमत्कार कुठेच नाही. बसायला टेबल, पुरेसे सामान आणि काही घडत नसतानाही वाट पाहणारे कुणीतरी, एवढेच लागले. फक्त ते वर्षानुवर्षे लागले. आपल्याकडे किती मुलांना ते मिळते?

तीन डिसेंबरला, जागतिक अपंग दिनी, आपल्या गावांतही विशेष मुलांनी केलेल्या वस्तूंची टेबले लागतात. आपण ‘बिचारी मुले’ म्हणतो, दोन पणत्या घेतो आणि पुण्य केल्याच्या समाधानात घरी येतो. पणतीकडे मात्र नीट पाहतही नाही. या वर्षी जरा थांबून पाहू या. आवडली तर घेऊ. नाही आवडली, तर का नाही ते करणाऱ्याला सांगू. रंग असाच का दिला, हेही विचारू. उत्तर कदाचित शब्दांत येणार नाही. तेवढ्यावरून त्याला सांगण्यासारखे काही नाही, असा शेरा मात्र मारायला नको. तो मी एकदा मारून चुकलो आहे.