आनुवंशिक सल्लागार कोणी व्हावे, आणि कशासाठी?

कुंभकोणमहून मायिलाडुदुरैकडे जाणाऱ्या वाटेवर तिरुविडैमरुदूर हे गाव लागते. महालिंगस्वामींच्या विस्तीर्ण देवालयामुळे ते तमिळ देशात सर्वत्र ठाऊक आहे. त्याचे संस्कृत नाव मध्यार्जुन. मराठी वाचकास मात्र या गावाची ओळख आणखी एका कारणाने असावयास हवी. तंजावरच्या गादीवरून १७९८ साली दूर केले गेलेले अमरसिंग राजे येथे येऊन राहिले, आणि १८०२ साली निवर्तले.

ज्या वादात त्यांचे राज्य गेले तो वाद वारसाचा होता. तुळजाजी राजांची मुले जगली नाहीत. म्हणून १७८७ साली, मृत्यूपूर्वी थोडेच दिवस, त्यांनी भाऊबंदांपैकी सरफोजी या मुलास दत्तक घेतले. हे दत्तकविधान शास्त्राला धरून आहे काय, असा प्रश्न इंग्रजांनी पंडितांपुढे ठेवला. पहिले मत विरुद्ध पडले, आणि तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंग गादीवर बसले. काही वर्षांनी पुन्हा मते मागविली गेली, ती सरफोजींच्या बाजूने पडली. प्रश्न एकच, वंशवृक्ष एकच. उत्तरे मात्र दोन निघाली, आणि दोन्ही वेळा निर्णय कुटुंबाबाहेरच्यांनी केला.

आज त्याच कावेरीकाठच्या प्रदेशात वंशवृक्ष मांडून बसणारा एक नवा जाणता हवा आहे. त्याच्यापुढे येणारा प्रश्न गादीचा किंवा जमिनीचा नाही. आमचे पहिले मूल ऐकू येत नसलेले जन्मले. दुसऱ्याचे काय होईल? माझ्या भावाला रातांधळेपणा होऊन पुढे दृष्टी गेली. तो दोष माझ्या मुलीकडे उतरेल काय? घरातल्या घरात लग्न ठरले आहे. करावे की नाही? अशा प्रश्नांची उकल ज्याने करावयाची, त्यास आनुवंशिक सल्लागार म्हणतात. ‘समुपदेशक’ असाही शब्द रूढ झाला आहे. आम्हास तो फारसा पसंत नाही, कारण त्यात ‘उपदेश’ दडलेला आहे, आणि उपदेश करणे हीच या व्यवसायात वर्ज्य असलेली गोष्ट होय.

प्रश्नाचे गणित आधी पाहू. प्रत्येक मनुष्य बहुतेक जनुकांच्या दोन प्रती बाळगतो, एक मातेकडून आलेली, एक पित्याकडून. कित्येक रोग असे आहेत की दोन्ही प्रती सदोष असल्या तरच ते प्रकट होतात. एकच प्रत सदोष असणारा मनुष्य स्वतः निरोगी असतो. त्यास वाहक म्हणतात. असे दोन वाहक विवाहबद्ध झाले, तर प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव चारांत एक. येथेच पुष्कळांची समजूत चुकते. पहिले मूल रोगी निघाले, आता पुढची तीन सुखरूप, असे आजी मोठ्या विश्वासाने सांगते. निसर्गाजवळ असला जमाखर्च नाही. प्रत्येक गर्भाच्या वेळी नाणे नव्याने उडविले जाते. अशा जोडप्यास चार मुले झाली, तर चारही रोगमुक्त असण्याचा संभव २५६ पैकी ८१, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून थोडा कमीच. उरलेल्या वेळी एकाच्या किंवा अधिकांच्या वाट्यास रोग येणार.

आता नात्यातील विवाहाकडे वळू. दक्षिणेत मामाने भाचीशी, किंवा मामे-आते भावंडांनी परस्परांशी विवाह करण्याची चाल जुनी आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तमिळनाडूतील चौथ्या हिश्श्याहून अधिक विवाह रक्ताच्या नात्यातील आढळले. देशाचे प्रमाण दहांत एकाच्या आसपास होते. ही केवळ तमिळांची रीत आहे असे मराठी माणसाने समजू नये. आत्याच्या घरी भाची सून म्हणून जाणे ही गोष्ट दक्षिण महाराष्ट्रात सर्वांच्या परिचयाची आहे. इरावती कर्वे यांनी भारतातील नातेव्यवस्थेवरील आपल्या १९५३ च्या इंग्रजी ग्रंथात या चालीरीतींचा प्रांतवार विचार केला आहे. तंजावर-कुंभकोणमकडील मराठी घराणी तर दोन्ही रूढींच्या संगमावर पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली.

समजा, एका आजोबांच्या ठायी असा एक सदोष जनुक आहे. त्यांच्या दोन अपत्यांची मुले परस्परांशी विवाह करतात. त्या प्रत्येकाकडे तो जनुक उतरलेला असण्याचा संभव चारांत एक. दोघांकडेही असून मूल रोगी निघण्याचा संभव चौसष्टांत एक. हेच लग्न मामा-भाचीचे असेल, तर बत्तिसांत एक. हे आकडे ऐकून कोणी घाबरतो, कोणी निर्धास्त होतो. दोघांनीही आकडा तोच ऐकलेला असतो. नाते नसलेल्या जोडप्यांच्याही शंभर मुलांमागे दोन-तीनांत जन्मतः काही गंभीर दोष आढळतो. चुलत, मामे किंवा आते भावंडांच्या विवाहात ही संख्या साधारणतः आणखी दोन-तीनांनी वाढते. म्हणजे अशा जोडप्यांची बहुसंख्य मुले निरोगीच निपजतात. नात्यातील विवाह म्हणजे हमखास अनर्थ, असे व्याख्यानातून सांगत फिरणारा सुधारक सत्य सांगत नाही. आणि आमच्या घरात आजवर काही झाले नाही म्हणणारे वडीलही नाही. मात्र ज्या घरात एक रोगी मूल आधीच आहे, तेथे हा सर्व हिशेब बदलतो, आणि तो नव्याने मांडून दाखविणारा कोणी तरी जवळ असावा लागतो.

तो कोणी व्हावे? आमच्या मताने, विद्यार्थी हा मार्ग का निवडतो यावर पुढे तो कसा सल्लागार होईल हे पुष्कळसे अवलंबून असते. वैद्यकीय महाविद्यालयात जागा मिळाली नाही म्हणून जीवशास्त्राचा हा दुसरा दरवाजा ठोठावणारे काही असतात. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही; पण हुकलेल्या डॉक्टरकीची हौस जो येथे भागवू पाहील, तो आदेश देऊ लागेल. काहींच्या स्वतःच्या घरात असा रोग असतो. रुग्णालयाच्या बाकावर ताटकळत बसलेल्या मातेचे मन त्यांना शिकवावे लागत नाही. तथापि, आपल्या घरी जे ठरले तेच दुसऱ्याच्या घरी ठरावे, असे वाटू लागण्याचा धोका त्यांनाच सर्वाधिक. आणखी कोणी निव्वळ शास्त्राच्या ओढीने येतात. रसायनशाळेतील एकांत त्यांना मानवत नाही. माणसांत बसून शास्त्र सांगावे असे वाटते. आम्हास हे कारण उत्तम वाटते, मात्र अशा विद्यार्थ्याने दहा जणांना सांगितलेली गोष्ट अकराव्यालाही तितक्याच सबुरीने सांगण्याची तयारी ठेवावी.

एका कारणाविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. पुढची पिढी सुधारावी, सदोष वंश खुंटावा, या हेतूने जो येऊ इच्छितो त्याने येऊ नये. हा विचार एके काळी सुशिक्षितांत प्रतिष्ठित होता. आपल्याकडे ना. सी. फडके यांनी १९२७ साली सुप्रजाजननाच्या चळवळीचा पुरस्कार करणारा इंग्रजी ग्रंथ लिहिला होता. त्यानंतर सहाच वर्षांनी, १९३३ साली, जर्मनीत आनुवंशिक रोग्यांना सक्तीने निर्बीज करण्याचा कायदा झाला, आणि सुमारे चार लाख माणसांवर शस्त्रक्रिया झाल्या. तेव्हाही वंशवृक्ष मांडले जात होते, तेव्हाही तज्ज्ञ मंडळे बसत होती. अमेरिकेत मिनेसोटा येथील डाइट संस्था ही सुप्रजाजननाच्या एका कट्टर अभिमान्याच्या देणगीतून उभी राहिली. परंतु तिचे संचालक शेल्डन रीड यांनी १९४७ साली या कामास नवे नाव देऊन त्याची दिशा पालटली. कुटुंबास समजून घेणे, त्यास माहिती देणे, आणि निर्णय त्याच्यावरच सोपविणे हे त्यांनी कामाचे सूत्र ठरविले. न्यूयॉर्कजवळच्या सारा लॉरेन्स महाविद्यालयात १९६९ साली याचा पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम निघाला, तो याच भूमिकेवर. मूळ अपराधाची आठवण पायाशीच पुरलेली आहे असे फार थोडे व्यवसाय असतील.

कुंभकोणमच्या मुलांपुढे निवडीचे एक थोर उदाहरण घरचेच आहे. मो. सा. स्वामिनाथन यांचा जन्म १९२५ साली येथे झाला. वडील शल्यवैद्य; मुलगाही वैद्य होणार असेच सर्वांना वाटत होते. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाने त्यांचे मन शेतीकडे वळले. पुढे पोलीस सेवेतील अधिकारपद मिळत असता ते सोडून त्यांनी आनुवंशिकीच्या अभ्यासासाठी नेदरलंड्‌स गाठले. त्यांचे क्षेत्र वनस्पतींचे, येथे बोलतो आहोत ते माणसांचे. आणि हा भेद विसरता कामा नये. गव्हाचे वाण निवडता येते, नको ते टाकून देता येते. माणसांच्या बाबतीत निवडण्याचा अधिकार सल्लागाराकडे नाही. त्याच्या हाती फक्त समजावून सांगणे उरते. ज्यास हे अपुरे वाटेल, त्याने खुशाल गव्हाकडे जावे.

हे समजावून सांगणे वाटते तितके सोपे नाही. ग्रीसमधील ऑर्खोमेनोस या गावी, १९७० च्या सुमारास, सिकलसेल या रक्तरोगाचे वाहक कोण याची तपासणी करण्यात आली आणि विवाह जुळविताना वाहकांनी परस्परांस टाळावे असे सांगण्यात आले. परिणाम असा झाला की वाहकांना कलंक लागला, कित्येकांनी आपली स्थिती लपविली, आणि वाहकांचे वाहकांशी विवाह होतच राहिले. आपल्या देशात १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले असून ४० वर्षांखालील सात कोटी लोकांची तपासणी करण्याचा त्याचा संकल्प आहे. नंदुरबार व गडचिरोली येथील आदिवासी कुटुंबांच्या हाती तपासणीचे पत्रक येते. पत्रिका पाहून मुलगी नाकारणाऱ्या समाजात हे पत्रक कसे वाचले जाईल, याची चिंता रक्त तपासणाऱ्या यंत्राने करावयाची नसते. वाहक म्हणजे रोगी नव्हे, आणि वाहक मुलीने वाहक नसलेल्या मुलाशी विवाह केल्यास मुलांना हा रोग होत नाही, ही दोन वाक्ये गावोगाव, सासूलाही समजतील अशा शब्दांत, कोणी तरी सांगावी लागतील. हे काम भिलीत, गोंडीत, मराठीत व्हावयास हवे, आणि कुंभकोणमला तमिळमध्ये. तेथील जुन्या मराठी घरांत आजीशी बोलताना तंजावरी मराठीची चार वाक्ये कामी आली, तर आजी जे वैद्यास सांगत नाही तेही सांगेल.

कायद्यानेही या कामास काही बंधने घातली आहेत, आणि ती योग्य आहेत. गर्भलिंग सांगण्याचा दुरुपयोग पाहून महाराष्ट्राने १९८८ साली, देशात प्रथम, त्याविरुद्ध कायदा केला. १९९४ साली केंद्राचा कायदा आला. या कायद्यान्वये आनुवंशिक सल्ला केंद्राची नोंदणी करावी लागते. जे माहीत असूनही सांगावयाचे नाही, आणि जे सांगणे जड जाते ते मात्र टाळावयाचे नाही, असे दुहेरी ओझे या एका खुर्चीवर आहे.

कुंभकोणमलाच जन्मलेले दिवाणबहादूर रघुनाथराव, तंजावरी मराठी घराण्यातले, यांनी एकोणिसाव्या शतकात विधवाविवाहाचा प्रश्न हाती घेतला, आणि १८८७ साली मद्रासेत राष्ट्रीय सामाजिक परिषद भरली तेव्हा न्यायमूर्ती रानड्यांबरोबर तेही पुढे होते. विवाहाविषयी घराघरांत जाऊन बोलणे या गावाला नवे नाही. फरक एवढाच की सुधारकास आपल्या बाजूने उत्तर हवे असते. सल्लागारास तसे वाटून चालत नाही.

आपल्या देशात या विषयाचे शिक्षण देणाऱ्या संस्था अद्याप मोजक्याच आहेत, आणि लहान गावांच्या रुग्णालयांत अशा सल्लागाराची जागा बहुधा नसते. तिरुविडैमरुदूरच्या कुटुंबास त्यासाठी वेल्लोर किंवा चेन्नईची वाट धरावी लागते. जो विद्यार्थी याचा विचार करीत असेल, त्याने जीवशास्त्राबरोबर संभाव्यतेचे गणित मनापासून शिकावे. आणि प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी, घरच्यांच्या संमतीने, स्वतःच्या कुटुंबाचा तीन पिढ्यांचा वंशवृक्ष काढून पाहावा. पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ, नात्यातील विवाहासाठी दुहेरी रेघ. वडील मंडळी नावे भराभर सांगतील. मग जन्मतःच गेलेली, पाळण्यात गेलेली, कधीच न बोललेली मुले विचारावीत. तेथे सांगणारा बहुधा थांबतो. त्या थांबण्याच्या वेळी गप्प बसून राहणे आपणास जमते की नाही, हे विद्यार्थ्यास त्याच दुपारी कळेल.