घरचे आरोग्य : खरूज गेली, गाठी राहिल्या



खरजेचे औषध लावून महिना होतो. बोटांच्या बेचक्यांतल्या पुळ्या सुकतात, पोरे रात्री शांत झोपू लागतात. पण काखेत, जांघेत, गुप्तांगावर तांबूस गाठी तशाच राहतात आणि रात्री जीव नकोसा करतात. लाजेपोटी माणूस दवाखान्यात जात नाही. मेडिकलवाल्याला हळूच विचारून मिळेल ती ट्यूब आणतो. म्हणून आज आम्ही या गाठींविषयीच लिहीत आहोत.

प्रथम भीती काढून टाका. औषध नीट लावले असेल, तर या गाठींत बहुधा जिवंत किडा नसतो. मेलेल्या किड्याच्या अवशेषांवर शरीर चिडलेले असते. ते शमायला आठवडे, कधी महिनेही लागतात. म्हणून पर्मेथ्रिन मलम रोज चोळू नये; कातडीची आग होऊन खाज वाढते.

मात्र नव्या पुळ्या येत असतील किंवा घरात दुसरे कोणी खाजवत असेल, तर खरूज गेलेली नाही. मग घरातल्या सर्वांनी एकाच रात्री मानेपासून तळपायापर्यंत पर्मेथ्रिन लावावे, ८ ते १४ तासांनी धुवावे आणि आठवड्याने पुन्हा लावावे. कपडे, अंथरूण गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे. तान्ही बाळे व गरोदर बायांसाठी आधी डॉक्टरांना विचारावे.

आता गाठींवरच्या मलमांचा हिशोब. कॅलामाइन लोशन स्वस्त व निर्धोक. खाज घटकाभर शमते, गाठ जिरत नाही. खोबरेल तेलाने कोरडेपणा जातो, एवढेच. गाठ जिरवायला उपयोग होतो तो स्टिरॉइडच्या मलमाचा. पण ते डॉक्टरांनी ठरवलेले, गाठीपुरते आणि सांगितले तितकेच दिवस लावावे. जांघेची कातडी नाजूक. जास्त दिवस लावल्यास ती पातळ होते, कायमचे वण पडतात. दुकानातल्या ‘सगळ्यावर एकच’ ट्यूबमध्ये बहुधा स्टिरॉइडच मिसळलेले असते. खाज थांबल्यासारखी वाटते आणि आत नायटा असेल तर तो पसरत जातो. स्टिरॉइडने गाठ न जिरल्यास टॅक्रोलिमस मलम किंवा गाठीतच इंजेक्शन असे उपाय त्वचारोगतज्ज्ञांकडे असतात.

खरूज म्हणजे घाणेरडेपणा नव्हे. एका खोलीत, एका अंथरुणावर झोपणाऱ्यांत ती सहज पसरते. तेव्हा लाज सोडा, सरकारी दवाखान्यात जा, गाठ दाखवा. लपवलेले दुखणे घरभर फिरते.