आहेत त्यांना तरी टिकवा!

‘गडचिरोलीची ऑर्डर आली’ असं कुणी सांगितलं, की ऐकणाऱ्याच्या तोंडून आधी ‘अरेरे’ निघतं आणि मग ‘अभिनंदन’! तहसीलदार असो, नर्स असो की प्राध्यापक, आमच्याकडे येणं म्हणजे जणू काळ्या पाण्याची शिक्षा. चंद्रपूरकरांनीही हसू नये. त्यांच्या गावचं ऊन आणि कोळशाची धूळ ऐकूनच निम्मे लोक माघारी फिरतात. या ‘अरेरे’ची किंमत शेवटी मोजतात त्या आपल्या मुली.

सप्टेंबर २०११ मध्ये नागपूर विद्यापीठातून चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे वेगळे काढून गोंडवाना विद्यापीठ स्थापन झालं. आपल्यासारख्या आयांना तेव्हा केवढा आनंद झाला होता! सिरोंच्याहून गडचिरोलीच सुमारे दोनशे किलोमीटर, नागपूर त्याच्याही पुढं पावणेदोनशे. आईबाप पोरीला गडचिरोलीपर्यंत पाठवायला तयार होतात. नागपूर म्हटलं की ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणतात. आणि पुढच्या वर्षी बघतात ते स्थळ! म्हणून हे विद्यापीठ मुलींसाठी फार मोलाचं.

पण विद्यापीठ काय नुसत्या इमारतीनं आणि पाटीनं होतं? शिकवणारी माणसं लागतात, आणि ती टिकावी लागतात. इथं जाहिरात निघते, अर्ज येतात, मुलाखती होतात. रुजू झालेल्यांपैकी कितीतरी जणांचा डोळा नागपूरच्या गाडीवर असतो. सत्राच्या मध्येच एखाद्या विषयाचे सर दुसरीकडे लागले, की तो विषय कुणीतरी ‘ओढून नेतं’. पीएच.डी. करणाऱ्या मुलीचे गाइड गेले, तर तिनं नवा गाइड कुठं शोधायचा? तोवर घरचे विचारतात, ‘अजून किती वर्षं शिकायचं बाई?’

२०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली. चांगलंच झालं. पण वर्गात शिकवणारंच कुणी नसेल, तर त्या माफीचा उपयोग काय?

‘इथं कुणी राहायला तयार नसतं’ हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलंय, की ते खरंच वाटायला लागलंय. मला ते अर्धंच खरं वाटतं. माणूस राहावा असं काही आपण त्याच्या पुढ्यात ठेवतो का?

आधी नोकरीच बघा. २०१७ मध्ये राज्यात नव्या भरतीवर बंदी आली. मग २०१८ मध्ये ३,५८० आणि २०२१ मध्ये २,०८८ सहायक प्राध्यापकांची पदं भरायला परवानगी मिळाली. तीही अख्ख्या महाराष्ट्रातल्या अनुदानित महाविद्यालयांसाठी! मधल्या काळात वर्ग कुणी चालवले? तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांनी. म्हणजे जेवढे तास घ्याल तेवढ्याचेच पैसे. तयारीचे नाहीत, सुट्टीचे नाहीत. बाळंतपण आलं तर तास दुसऱ्याच्या नावावर. २०२२ मध्ये राज्यानं पदवीच्या एका तासाचा दर ९०० रुपये केला. विद्यापीठ अनुदान आयोगानं मात्र २०१९ मध्येच अतिथी प्राध्यापकाला तासाला १,५०० रुपये, महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये असा दर ठरवला होता. नेट-सेट, पीएच.डी. झालेल्या माणसानं या भरवशावर घर बदलून जंगलाच्या जिल्ह्यात यावं, अशी आपली अपेक्षा!

दुर्गम भागात राहण्याबद्दल काही जादा द्यावं, हे सरकारलाही कळतं. आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागातल्या सरकारी कर्मचाऱ्यांसाठी ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयात प्रोत्साहन भत्ता ठेवला होता. मूळ पगाराच्या १५ टक्के, पण जास्तीत जास्त १,५०० रुपये. एवढ्यात आता खोलीचं भाडं तरी निघेल का?

त्यातून येणारी बाई असेल, तर हिशेब आणखी अवघड. नवऱ्याची नोकरी कुठं? मुलांना शाळा कुठली? सासूबाईंना रात्री बरं वाटेनासं झालं तर दवाखाना किती लांब? सरकारी नोकरीत पती-पत्नी एकत्रीकरणाचा आधार तरी घेता येतो. खासगी संस्थेच्या कॉलेजातून दुसऱ्या संस्थेत बदली हा प्रकारच नसतो. मग बाई एक तर नोकरी सोडते, नाहीतर संसार दोन गावांत वाटते. पुरुष आठवडाभर एकटा राहिला तर ‘कष्ट घेतोय’ आणि बाई राहिली तर ‘संसार टाकून बसलीय’!

अशा वेळी हमखास मोठी नावं सांगितली जातात. हेमलकशात १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तिथं डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी आयुष्य घातलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ मध्ये गडचिरोलीत आले आणि इथलेच झाले. त्यांच्यापुढं मान झुकतेच. पण प्रत्येक प्राध्यापकानं आमटे किंवा बंग व्हावं, असं कसं म्हणता येईल? विद्यापीठ साध्या माणसांवर चालतं. त्यांना पगार वेळेवर लागतो, नळाला पाणी लागतं, पोरांना शाळा लागते. आणि बंग दांपत्यानंसुद्धा ‘शोधग्राम’मध्ये सोबत्यांच्या राहण्याची सोय केलीच ना?

दुसरी गोष्ट मला जास्त बोचते. ज्यांना इथंच राहायचंय, त्या बाया आपल्यातच आहेत. पिकतं तिथं विकत नाही, म्हणतात ना! माझ्या ओळखीची एक जण आहे. एम.ए., सेट, पीएच.डी. सगळं झालेलं, सासर-माहेर याच जिल्ह्यात. कितीतरी वर्षं तासिकेवर शिकवते. ती म्हणते, “ताई, मी कुठं पळून चालली नाही. मलेच दरवर्षी जूनमध्ये विचारा लागते, यंदा तास हायेत का म्हणून!” अशी एकटी तीच नाही. माडिया-गोंडी घरातून आलेल्या, पहिल्यांदाच पुस्तकी मराठीशी झगडणाऱ्या मुलीला कुठं अडतंय, हे अशा बाईला चटकन कळतं. ‘आपल्याकडची बाई मॅडम होऊ शकते’ हेही त्या मुलीला रोज डोळ्यांनी दिसतं.

बाहेरच्यांनी येऊच नये, असं मी म्हणत नाही. बाहेरचा वारा आला नाही तर विद्यापीठाची डबकी होतात. निवडही गुणवत्तेवरच व्हावी. पण निवड करण्यासाठी आधी कायमची जागा तर हवी! सरकारकडे माझं मागणं साधं आहे. या दोन जिल्ह्यांतली रिकामी पदं आधी भरा. भत्ता टक्क्यांत द्या, त्याला हजार-दीड हजाराची वेसण घालू नका. राहायला क्वार्टर्स द्या आणि शेजारी एक पाळणाघर. २०२४ मध्ये गडचिरोलीत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तिथंही शिकवणारे डॉक्टर राहायला हवे असतील, तर याच सोयी लागणार आहेत.

आणि मैत्रिणींनो, थोडं आपल्याकडेही येते. एकटी प्राध्यापिका खोली मागायला आली, की आपण काय विचारतो? ‘मिस्टर कुठं असतात? लग्न झालं का? रात्री कोण येतं-जातं?’ तीन घरं अशी फिरल्यावर तिनं नागपूरचं तिकीट काढलं, तर दोष तिचा? तिला खोली द्या, सणाला ताटभर फराळ द्या. सून पीएच.डी. करत असेल तर तिचे तास सांभाळून घरची कामं वाटून घ्या. आणि मुलीचा प्रवेश घेताना फी आणि बसचा पास विचारता, तसं हेही विचारा: ‘या विषयाला कायमचे प्राध्यापक किती आहेत?’ उत्तर नसेल तर पुढच्या पालकसभेत पुन्हा विचारा. भाजीवाल्याला चार रुपयांसाठी चारदा विचारणाऱ्या आपण, पोरीच्या शिक्षणासाठी दोनदा विचारायला काय हरकत आहे?