चलन बदललं म्हणून महागाई वाढली का?

एकापाठोपाठ दोन गोष्टी घडल्या, की पहिलीमुळेच दुसरी झाली असं मुलं ठरवून टाकतात. (मोठेही ठरवतात म्हणा!) यासाठी वर्गात क्रोएशियाचं उदाहरण जरूर घ्यावं.

१ जानेवारी २०२३ ला या देशाने स्वतःचं ‘कुना’ हे चलन सोडून युरो स्वीकारला. पण आदल्या महिन्यातच महागाई १२ टक्क्यांच्या वर होती. युक्रेन युद्धानंतर इंधन आणि धान्य भडकलं होतं. लोकांचा राग मात्र युरोवर निघाला.

तो राग अगदीच खोटा नव्हता. हिशोब करून बघा. एका युरोला ७.५३४५ कुना असा दर ठरला. १० कुनांची कॉफी धरली, तर ती १.३३ युरोला मिळायला हवी. दुकानदाराने ‘सुट्ट्यांची कटकट नको’ म्हणून १.५० केली, की झाली १३ टक्के वाढ! म्हणूनच दोन्ही चलनांत किंमत लिहिणं सरकारने सक्तीचं केलं होतं. एकूण महागाईत मात्र या बदलामुळे अर्ध्या टक्क्याहूनही कमी भर पडली, असा युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या तज्ज्ञांचा अंदाज होता. कॉफी रोजची, म्हणून तीच लक्षात राहते.

मला विचाराल तर खरी किंमत वेगळीच आहे. आता व्याजदर झाग्रेबमध्ये नाही, फ्रँकफुर्टमध्ये ठरतो, आणि तोही सगळ्या सदस्य देशांसाठी एकच. अर्थात, कुनाचा दर आधीपासूनच युरोच्या आसपास सांभाळला जात होता आणि बरीच कर्जंही युरोशी जोडलेली होती. त्यामुळे क्रोएशियाने गमावलेलं स्वातंत्र्य तसं थोडंच होतं.