निकालाच्या फुटपट्टीवर गुरुजी

प्रतिसरकारच्या लढ्यामुळे इतिहासात अजरामर झालेले सांगली जिल्ह्यातील कुंडल आज उसाचे गाव आहे. गळीत हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या या पट्ट्यात उतरतात. सोबत मुलेही येतात. त्यातले एखादे दिवाळीनंतर शाळेत बसले, तरी कारखाना बंद होताच ते टोळीबरोबर परत जाते. त्याच्या चाचणीतील गुण कोणत्या शिक्षकाच्या खाती मांडायचे? गावाकडच्या की कुंडलच्या?

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. 23 ऑक्टोबर 2017 च्या शासन निर्णयाने शिक्षकांच्या वरिष्ठ व निवड श्रेणीला शाळेच्या दर्जाची आणि माध्यमिक शाळांसाठी नववी-दहावीच्या निकालाची अट जोडली होती. पुढे ती मागे घ्यावी लागली. पण कल्पना मात्र जुनीच आहे. इंग्लंडमध्ये 1862 मध्ये रॉबर्ट लो यांनी शाळांचे अनुदान निकालाला बांधले आणि मुंबई इलाख्यातही तीच पद्धत आली. सातारा जिल्ह्यातील कटगुण हे ज्यांचे मूळ गाव, त्या महात्मा जोतीराव फुले यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे तिला स्पष्ट विरोध नोंदवला. ज्या गरीब समाजात शिक्षणाची गोडीच अद्याप निर्माण झालेली नाही, तेथे या अटीवर शाळा चालवून कोणत्याही शिक्षकाचा चरितार्थ चालणार नाही, हा त्यांचा रोकडा युक्तिवाद होता. अमेरिकेत अटलांटा शहरी तर निकालाच्या दडपणाखाली मुलांच्या उत्तरपत्रिकाच बदलल्या गेल्या आणि 2015 मध्ये अकरा शिक्षक-अधिकारी दोषी ठरले.

याचा अर्थ शिक्षकाला कोणी जाब विचारूच नये, असा नव्हे. संघटनेच्या आडोशाला बसून वर्ग वाऱ्यावर सोडणारे महाभाग आहेतच, आणि पोटाला चिमटा घेऊन मुलाला खासगी शाळेत घालणारा पालक त्यांना चांगला ओळखतो. अशांवर कारवाई व्हावीच. मात्र ती केंद्रप्रमुखाने वर्गात बसून अध्यापन पाहिल्यानंतर व्हावी. मूल आले तेव्हा त्याला काय येत होते आणि जाताना काय येते, एवढे तरी चाचणीने सांगावे. केवळ अखेरच्या टक्केवारीला काय अर्थ? ऊसतोड कामगाराच्या मुलाची ही नोंद त्याच्यासोबत गावोगावच्या शाळेत गेली पाहिजे. त्याऐवजी गुरुजींच्या वेतनश्रेणीलाच निकालाची दोरी बांधली, तर भर हंगामात दारात उभ्या राहिलेल्या अशा मुलाला पटावर घेण्यापूर्वी मुख्याध्यापक आधी शाळेच्या टक्केवारीचा हिशेब करील.