गोल्डफिशला आजपासून हिरवं खायला घाला

मे महिन्याची सुट्टी लागली की मुलं हट्ट धरतात आणि घरात गोल्डफिश येतात. क्रॉफर्ड मार्केटमधून किंवा कुर्ल्याहून आणलेली पाण्याची पिशवी, तिच्यात दोन मासे आणि सोबत लाल दाण्यांचं एक पाकीट. पुढे कित्येक महिने त्या माशांच्या तोंडी दुसरं काहीच जात नाही. मग एके दिवशी त्यातला एक तिरका पोहायला लागतो. पोट टम्म फुगतं, शेपूट वर जाते, डोकं खाली येतं आणि शेवटी तो उलटा होऊन पाण्यावर तरंगतो. घरातले म्हणतात, ‘गेला बिचारा.’ आणि जिवंत मासा संडासात टाकून वर पाणी ओतलं जातं.

कळकळीची विनंती आहे, असा मासा आत्ता तुमच्या घरात असेल तर थांबा. जवळ जाऊन त्याचे कल्ले बघा. कल्ल्यांवरची झाकणं उघडमीट करत असतील तर तो जिवंत आहे. पुष्कळदा हे दुखणं पोटाचं असतं आणि वेळेवर लक्ष दिलं तर मासा सावरू शकतो.

गोल्डफिशला जठर नसतं. गिळलेलं अन्न घशातून थेट आतड्यात उतरतं. दात आहेत, पण ते जबड्यात नाहीत, घशात आहेत, चिरडून खाण्यासाठी. हा मासा मुळात कार्प कुळातला, म्हणजे आपल्या तलावांतल्या कटला-रोहूचा आणि शेततळ्यात गवत खाऊन वाढणाऱ्या गवत्याचा नातलग. हजारएक वर्षांपूर्वी चीनमध्ये माणसाने त्याला पाळायला आणि रंगासाठी निवडायला सुरुवात केली. रंग बदलला, आकार बदलला, पण आतडं तेच राहिलं. चिखलातले किडे, शेवाळ, पाणवनस्पतींचे कोवळे शेंडे असं दिवसभर थोडं थोडं टिपत राहावं, ही त्याची खाण्याची रीत. त्याला आपण सकाळ-संध्याकाळ फक्त कोरडे दाणे घालतो. त्यांत चोथा कमी असतो आणि ते पाण्यात फुगतात. तरंगणारे दाणे पकडताना मासा वरची हवाही गिळतो. ओरांडा, रियुकिन, फुगीर डोळ्यांचा ब्लॅक मूर हे गोल अंगाचे देखणे प्रकार सगळ्यात आधी आडवे होतात. त्यांच्या आखूड पोटात आतडं आणि तोल सांभाळणारी हवेची पिशवी दाटीवाटीने बसलेली असतात. आतडं तटतटलं की पिशवीवर दाब येतो आणि तोल जातो.

म्हणून तिरक्या झालेल्या माशाला दोन-तीन दिवस काहीही खायला घालू नका. धडधाकट मोठा गोल्डफिश आठवडाभरही उपाशी राहू शकतो, तेव्हा जीव तुटू देऊ नका. नंतर मटार द्या. फ्रोझनही चालेल. बिनमिठाच्या पाण्यात दोन-तीन मिनिटं उकळा, गार करा आणि दाणा चिमटीत धरून हलकेच दाबा. साल हातात राहते आणि आतली दोन दळं सुटून बाहेर येतात. साल टाकून द्या. दळं नखाने चुरा आणि माशाच्या तोंडापुढे सोडा. लहान माशाला अर्धा दाणा पुरे. तो घास तोंडात घेईल, थुंकेल, परत घेईल. ‘त्याला आवडत नाही’ असं समजू नका, गोल्डफिश असाच चाळून खातो. शेपटीमागे लोंबणारा पांढुरका दोरा जाऊन हिरवट, तुटक विष्ठा दिसली की आतडं मोकळं झालं म्हणायचं.

पण आजार होईपर्यंत थांबायचं कशाला? आठवड्यातले दोन-तीन दिवस नेमाने हिरवं द्या. पालकाचं पान उकळत्या पाण्यात बुडवून मऊ करा आणि टँकच्या काचेला क्लिपने लावा. काकडीची किंवा दुधीची पातळ चकती वाफवून द्या. भाजीवर फवारलेलं औषध माशाच्या जिवावर बेततं, त्यामुळे आधी ती भरपूर पाण्यात धुऊन घ्या. दोन तासांत जे खाल्लं नाही ते काढून टाका, नाहीतर सडून पाण्यात अमोनिया वाढतो आणि पालक राहतो बाजूला, अमोनियानेच मासा मरतो. टँकमध्ये हायड्रिलाच्या दोन काड्या सोडल्या तर मासे त्यांच्यावर दिवसभर चरत राहतील. गावाकडे गाईम्हशींसाठी अझोला वाढवता ना? त्यातला मूठभर चांगल्या पाण्यात धुऊन माशांना घाला, त्याची मुळं ते आवडीने ओढून खातात. डबक्यातून किंवा नाल्यातून मात्र काही उचलून आणू नका, त्यासोबत जंतू आणि गोगलगाईची अंडी घरात येतात.

शाकाहारी घरांना एक सांगणं आहे, आणि ते मनापासून आहे. गोल्डफिशला निव्वळ भाजीपाल्यावर ठेवू नका. तो मिश्राहारी आहे, आणि वाढत्या पिल्लांना तर प्रथिनं जास्त लागतात. चांगल्या प्रतीचे, शक्यतो बुडणारे दाणे सुरूच ठेवा. तरंगणारे असतील तर घालण्याआधी मिनिटभर पाण्यात भिजवा. पाव, पोळीचा चुरा, बिस्किट, शेव, कुरमुरे मात्र आजपासून पूर्ण बंद. घरी येणाऱ्या पाहुण्यांनाही सांगा, आणि आजी-आजोबा प्रेमाने घास टाकत असतील तर त्यांच्या हातात त्याऐवजी मटार द्या.

मटार देऊनही मासा सरळ झाला नाही, अंगावर लाल चट्टे आले किंवा खवले उभे राहिले, तर दुखणं वेगळं आहे. घरगुती उपायात दिवस घालवू नका, माशांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याला दाखवा. पाणीही तपासा. बिनफिल्टरच्या काचेच्या गोल भांड्यात कितीही नीट खायला घातलं तरी गोल्डफिश फार दिवस तग धरत नाही. नीट सांभाळला तर हाच मासा दहा-पंधरा वर्षं जगतो. म्हणजे आज पहिलीत असलेली तुमची मुलगी कॉलेजात जाईपर्यंत तो तिच्याबरोबर असू शकतो.

आणि मासे विकणाऱ्या दुकानदारांनो, तुमच्याशिवाय हे होणार नाही. गिऱ्हाईक पहिला सल्ला तुमच्याकडूनच घेतं. दाण्यांच्या पाकिटासोबत हायड्रिलाची एक जुडी द्या, आणि पिशवीला गाठ मारता मारता मटार सोलून घालायची रीत तोंडी सांगा. या सुट्टीत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पिशवीबरोबर सांगा.